दर श्रावणात बॅटरी उतरते? आधी कपलर बघा

लक्षण आधी सांगतो. सकाळी सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात मोटारसायकल चालू. मांद्रेहून निघायचं, शिवोलीचा पूल ओलांडायचा, म्हापसा गाठायचं, वाटेत काही तक्रार नाही. दिवसभर गाडी ऑफिसखाली उभी. संध्याकाळी बटण दाबलं की टक-टक-टक-टक. मीटरचा काटा थरथरतो, घड्याळ पुन्हा बारा वाजवून बसतं. रात्री चार्जर लावला की दोन-तीन दिवस ठीक, मग पुन्हा तेच. सुरुवात जुलैच्या शेवटी होते आणि दुखणं टोकाला जातं चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळा-फुलांच्या चौकटीचं) सामान आणायला गाडी हवी असते नेमकी तेव्हा.

तुमच्याकडे नुसतं एकदाच ‘टक’ होऊन सगळं शांत होत असेल, तर ते वेगळं. तिथे सेल्फचा रिले किंवा सेल्फची जाड केबल बघा. अजिबातच आवाज नसेल तर किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच), साइड स्टँडचा स्विच, क्लच लिव्हरखालचा स्विच आणि मोठा फ्यूज. माझ्या शेजाऱ्याने किल स्विच बंद ठेवून गाडी घामाघूम होईपर्यंत ढकलली होती, त्यामुळे हे लिहायला लाज वाटत नाही. पण टक-टक-टक म्हणजे बॅटरीत जीव कमी. प्रश्न एवढाच की तो जातो कुठे.

माझी गाडी २५० सीसीची, सुटे भाग थायलंडात बनून इथे जुळणी झालेली, २०१३ चं मॉडेल, कोल्हापूरहून सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. हे दुखणं कंपनीचं नाही, समुद्राचं आहे, आणि थोडं माझंही. घर किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर. गाडीला छप्पर आहे, भिंती नाहीत.

पहिल्या श्रावणात बॅटरी बदलली. दुसऱ्या श्रावणात मेकॅनिक म्हणाला, ‘‘बॅटरी नवीन आहे, म्हणजे रेक्टिफायर गेला.’’ इंजिनाकडून येणारा करंट बॅटरीजोगा करणारं हे युनिट इथे कुठल्याच काउंटरवर मिळेना. थायलंडहून मागवलं, पाच आठवडे लागले, वर कस्टम ड्यूटी. ते बसवल्यावर मीटरवर १४.२ व्होल्ट दिसले. आम्ही दोघांनी चहा घेतला. तिसऱ्या श्रावणात पुन्हा टक-टक-टक. आता नवा रेक्टिफायरही गेला म्हणायचं? रागाने जुना ‘गेलेला’ रेक्टिफायर कपाटातून काढला आणि तोच परत बसवून बघितला. १४.२ व्होल्ट.

तिथे डोक्यात प्रकाश पडला. रेक्टिफायर बदलायचा म्हणजे त्याचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लास्टिकचा प्लग, ओढून काढावा लागतो आणि परत दाबून बसवावा लागतो. त्या ओढण्या-दाबण्यात आतल्या पिनांवरचा गंज खरवडला जातो आणि संपर्क पुन्हा चांगला होतो. गाडी बरी व्हायची ती कपलर काढून लावल्यामुळे. श्रेय मिळायचं नव्या पार्टला. स्थानिक गाडी असती तर नवा रेक्टिफायर लगेच मिळाला असता आणि चुकीचं निदान तसंच खपून गेलं असतं. परदेशी गाडीत चुकीचं निदान म्हणजे महिना-दीड महिना गाडी स्टँडवर.

चार्जिंगची रचना अशा बहुतेक सगळ्या गाड्यांत एकच असते. इंजिनाच्या डाव्या झाकणाखाली मॅग्नेट फिरतो, त्याच्या आत कॉइल प्लेट. तिच्यातून तीन सारख्या रंगाच्या तारा बाहेर येतात, बहुधा पिवळ्या, कधी काळ्या. त्यांतला करंट एसी असतो. तो जातो रेक्टिफायर-रेग्युलेटरमध्ये, पंख्यासारखे पातळ काप असलेल्या अॅल्युमिनियमच्या त्या ठोकळ्यात. तिथे त्याचा डीसी होतो, साडेचौदा व्होल्टच्या आसपास बांधला जातो आणि बॅटरीला मिळतो. बहुतेक लहान गाड्यांतलं रेग्युलेटर ‘शंट’ जातीचं. गाडीला नको असलेला करंट ते कॉइलकडेच शॉर्ट करून जिरवतं. म्हणजे तुम्ही दिवा लावा किंवा बंद ठेवा, कॉइल जवळपास पूर्ण ताकदीने राबतच असते. ‘‘हेडलाइट बंद ठेव, कॉइलला आराम मिळेल’’ हा सल्ला मला तिघांनी दिला. शंट रेग्युलेटरला तो लागू नाही. उलट वापरला न गेलेला करंट जिरवताना तो ठोकळा जास्त तापतो.

आता तपासणी. चारशे-पाचशे रुपयांचा डिजिटल मीटर पुरतो. एक गोष्ट मात्र आधी: गाडी चालू असताना बॅटरीची तार काढून ‘चार्जिंग आहे का बघू’ असं कुणालाही करू देऊ नका. जुन्या बुलेटवर आणि स्कूटरवर ही पद्धत चालून गेली, म्हणून म्हातारे मेकॅनिक आजही हात घालतात. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतं, आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, गेला तर थायलंडचं टपाल परत सुरू. मी एकदा एका काकांचा पाना धरलेला हात अक्षरशः धरला होता. ते रागावले. रागावू देत.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.० च्या आसपास म्हणजे पाव उरलेली. मग गाडी चालू करून चार-पाच हजार आरपीएमवर धरा. बॅटरीवर १३.८ ते १४.७ दिसायला हवेत. तेराच्या खाली असेल तर चार्जिंग पोचत नाही. पंधराच्या वर असेल तर रेग्युलेटर बांधत नाही, आणि तसं चालवत राहिलात तर बॅटरी फुगेल.

इथेच मी दोन वर्षं फसलो. थंड गाडीवर आकडा चांगला यायचा. गॅरेजमध्ये गाडी चालू करून दोन मिनिटांत मोजायचं, १४ दिसायचं, ‘चार्जिंग ओके’ म्हणून परत. हे दुखणं तापल्यावर दिसतं. वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवा, घरी येऊन इंजिन बंद न करता लगेच मोजा. माझ्या गाडीवर थंड असताना १४.१ आणि गरम झाल्यावर १२.९ होते. थोडा वेळ तसंच चालू ठेवलं तर १२.७. मंद आगीवर दूध आटावं तसे खाली खाली.

आता तूट कुठे आहे ते शोधायचं. गाडी चालू, तीन-चार हजार आरपीएम. मीटरची लाल सुई रेक्टिफायरच्या लाल तारेवर (कपलरच्या मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून) आणि काळी सुई बॅटरीच्या प्लसवर. दोन्ही टोकं प्लसच, त्यामुळे आदर्श आकडा शून्य. ०.२ पर्यंत सोडून द्या. ०.५ किंवा १ आला तर तेवढे व्होल्ट वाटेतच खर्च होतायत. तेच अर्थिंगच्या बाजूने करा: रेक्टिफायरची काळी तार आणि बॅटरीचा मायनस. अर्थिंगची लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) चेसिसला जिथे बोल्टने बसते तिथे रंगाखाली गंज असणं ही आमच्या बाजूची नेहमीची गोष्ट. तो बोल्ट काढा, पॉलिश पेपर मारा, परत कसा.

हे दोन्ही ठीक निघाले तर उरतात त्या तीन पिवळ्या तारा. गाडी बंद करा, रेक्टिफायरकडे जाणारा तीन पिनांचा कपलर काढा. आता मीटर एसीवर. गाडी चालू करून कॉइलच्या बाजूच्या तीन पिनांत दोन-दोनांच्या जोड्या मोजा: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी. आयडलवर साधारण १५ ते २० व्होल्ट, पाच हजारावर ५० ते ७०. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. महत्त्वाचं हे की तिन्ही जोड्या सारख्या हव्यात. एक जोडी खूप कमी असेल तर कॉइल गेली. मग गाडी बंद करून प्रत्येक पिन आणि इंजिनाची बॉडी यांच्यात ओहम बघा. काहीच जोड दिसता कामा नये. मीटर वाजला तर कॉइलचं इन्सुलेशन जळलंय. हेही गरम असतानाच करा. हात भाजतील, फडकं घ्या. आणि पन्नास व्होल्ट एसी आहे, उघड्या पिनांना बोट लावून खेळू नका.

माझ्या तिन्ही जोड्या सारख्या आल्या. कॉइल ठणठणीत. मग तो कपलर हातात घेऊन उजेडात नीट बघितला. पांढरं प्लास्टिक तीनपैकी एका खणाभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. त्या खणातली पिन बाकी दोन पिनांपेक्षा काळपट, आणि तिच्या मुळाशी हिरवट खर, मोरचुदासारखा. नखाने खरवडला तर भुगा पडला. पिनवरचं टिनचं पाणी उडून खालचं पितळ उघडं पडलेलं. तारेवरचं रबर बोटाने दाबलं तर कडक, वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं. ते ब्लेडने सोललं तर आतली तांब्याची तार चकाकत नव्हती. काळी होती, आणि ती काळी तार आत चार बोटं गेलेली.

एवढ्याशा गंजाने एवढं कसं होतं? हिशेब सोपा आहे. त्या तारांतून १०-१५ अँपिअर सहज वाहतात. समजा पिनेच्या गंजामुळे ०.२ ओहमचा अडथळा आला. १५ चा वर्ग २२५, गुणिले ०.२, म्हणजे ४५ वॉट उष्णता. घरातलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. म्हणजे तुमच्या सीटखाली, प्लास्टिकच्या खणात, जवळजवळ दोन सोल्डरिंग आयर्न चालू आहेत. त्याने पिन सैल होते, सैल पिन आणखी तापते, तापली की आणखी गंजते. म्हणून थंड असताना आकडा चांगला आणि गरम झाल्यावर वाईट.

आणि श्रावणातच का? हे मला बराच काळ कोडं होतं. पाऊस तर जूनपासून कोसळत असतो, गोव्यात हंगामाला सुमारे ३००० मिलिमीटर. पण मीठ येतं कोरड्या महिन्यांत. ऑक्टोबर ते मे वाऱ्यावरून मिठाची बारीक धूळ सगळीकडे बसत राहते, कपलरच्या आतसुद्धा, आणि कोरडी असते तोवर निरुपद्रवी. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाझरतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचा गोळा होतो तसंच. जूनपासून पिनांवर खारट ओल राहते, महिना-दीड महिन्यात गंज पुरेसा धरतो, आणि जुलै संपता संपता सेल्फ हात वर करतो. थेट पावसाचा मारा लागायलाही नको. गाडी छपराखाली कोरडी ठेवूनही माझं दुखणं दर वर्षी वेळेवर हजर व्हायचं ते यामुळे. ऑक्टोबरच्या उन्हात आपोआप थोडं बरं वाटायचं, म्हणून शेवटी ज्याने हात लावला तो मेकॅनिक हुशार ठरायचा.

दुरुस्ती मी पहिल्यांदा चुकवली. कपलर कापून टाकला आणि तीन तारा थेट सोल्डर करून वर टेप मारली. वायरमनही हेच करतात. दोन अडचणी आल्या. काळ्या तारेवर सोल्डर धरतच नाही, वरून थेंब बसल्यासारखा दिसतो, आतून चिकटलेला नसतो. दुसरी अडचण पुढच्या वर्षी कळली. सोल्डर तारेत वर चढतो, तिथे तार ताठ होते, आणि इंजिनाच्या थरथराटाने बरोबर त्या ताठ जागेच्या कडेला तुटते. आमची तुटली चोपडेच्या चढावर, संध्याकाळी साडेसातला.

मग दुसऱ्यांदा असं केलं. तार मागे कापत गेलो, जिथे तांबं लालसर चकाकतं तिथपर्यंत. कमी पडली म्हणून त्याच जाडीची नवीन तार जोडली, बारीक घेऊ नका. दुकानात ६.३ मिलिमीटरच्या पात्याचे टिन चढवलेले टर्मिनल आणि रबरी सील असलेला तीन पिनांचा वॉटरप्रूफ कपलर मिळतो. इथल्या दुकानात नसला तर बेळगावात मिळेल, किंवा ऑनलाइन. टर्मिनल पक्कडीने चेपायचे नाहीत, क्रिंपिंगचा, म्हणजे टर्मिनल तारेवर घट्ट दाबून बसवायचा खास पाना वापरायचा. वायरमनकडे नसेल तर दुसरा वायरमन शोधा. क्रिंप केल्यावर तार जोरात ओढून बघा. सुटली तर बरं झालं, आत्ताच सुटली. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी), आणि कपलर बंद करण्याआधी पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं, ओल अडवणारं). साधं चाकाचं ग्रीस नको. आणि डब्ल्यूडी-४० मारून समाधान मानू नका. ते पाणी हुसकावतं, पण महिनाभरात उडून जातं आणि ओल परत येते.

एक बदल आणखी. मूळ कपलर सीटखाली, मडगार्डच्या तोंडाशी, चाकाने उडवलेलं पाणी बरोबर पोचेल असा बांधलेला होता. तो मी वर, बॅटरीच्या बाजूला घेतला आणि तारांना खाली झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडतं, कपलरात शिरत नाही. घरात विजेची सर्व्हिस वायर भिंतीत घेताना वायरमन असाच झोळ देतो.

कॉइलच गेली असेल तर घाबरू नका. परदेशी गाडीची कॉइल काउंटरवर मिळणार नाही, पण वाइंडिंग, म्हणजे जुन्या प्लेटवर नवी तार गुंडाळणं, इथे होतं. विहिरीच्या पंपाच्या मोटारी बांधणारा माणूस गोव्यात जवळपास प्रत्येक बाजारपेठेत आहे. जुनी प्लेट तशीच्या तशी न्या, त्याला प्रत्येक दातावरचे फेरे मोजायला लावा आणि तारेची जाडी मायक्रोमीटरने बघायला सांगा. तार मात्र १८० अंशांपर्यंत टिकणारी, एच क्लासची हवी, कारण ही कॉइल गरम ऑइलमध्ये राहते. पंपाची साधी तार वापरली तर सहा महिन्यांत परत त्याच्याच दारात.

रेक्टिफायरवर शेवटचा संशय घ्या, पहिला नाही. मीटरवर डायोडची खूण असते. प्रत्येक पिवळ्या पिनेपासून लाल पिनेकडे एका दिशेने ०.४ ते ०.६ च्या आसपास आकडा आणि उलट केल्यावर काहीच नाही असं यायला हवं. दोन्ही बाजूंनी आकडा आला किंवा कुठल्याच बाजूने आला नाही, तर मगच ऑर्डर द्या. आणि गाडी बंद असताना बॅटरी उतरत असेल तर कुणी अलार्म, यूएसबी चार्जर, जीपीएस असलं काही जोडलंय का बघा. चावी काढून, मायनसची तार सोडवून मध्ये अँपिअर मीटर लावा. दोन-चार मिलिअँपिअर चालतात. पन्नास दिसले तर तुमचा चोर तिथे आहे.

आता ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी, कारण मला निम्मे फोन ‘घेऊ का?’ म्हणूनच येतात.

गोव्यातल्या पायलट, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्या लोकांकडे बघा. पिवळं मडगार्ड लावून दिवसभर माणसं वाहणारे हे लोक परदेशी गाडी घेत नाहीत, ते काही उगाच नाही. त्यांना दुपारी बिघडलेली गाडी संध्याकाळी चालू हवी असते. रोजच्या पोटापाण्याची एकच गाडी असेल तर तुम्हीही घेऊ नका. घरात दुसरी स्कूटर असेल आणि हात काळे करायची हौस असेल तर घ्या, मजा आहे.

भागांची भीती लोक चुकीच्या जागी बाळगतात. बरेचसे भाग कंपनीचे नसतातच, मापाचे असतात. चाकाचं बेअरिंग ६२०२ किंवा ६२०३ असं त्यावर कोरलेलं असतं. ६२०२ म्हणजे १५ मिमी आतून, ३५ बाहेरून, ११ जाड. गाडी थायलंडची असो नाहीतर कोरियाची, बेअरिंगच्या दुकानात तो नंबर मिळतो. फोर्कचं ऑइल सील तीन मापांवर मिळतं. चेन ५२० असेल तर पिच (शेजारच्या दोन पिनांतलं अंतर) १५.८७५ मिमी, ४२८ असेल तर १२.७. ऑइल १०डब्ल्यू-४०, डब्यावर ‘जासो एमए२’ लिहिलेलं बघा, नाहीतर क्लच घसरेल. बॅटरी माझ्या गाडीला ८ अँपिअर-अवरची लागते, १५० मिमी लांब, ८७ रुंद, १०५ उंच. या मापाची भारतीय बॅटरी सहज मिळते, फक्त प्लस कोणत्या बाजूला आहे ते दुकानातच बघून घ्या. टायर, ब्रेक पॅड, प्लग यांचंही तसंच.

अडवतात ते वेगळेच भाग: ईसीयू, मीटर कन्सोल, लॉक सेट, टाकी, फेअरिंगचे (गाडीवरच्या प्लास्टिकच्या कवचाचे) तुकडे, इंजिनाची गास्केट, क्लच केबल (ही वर्षभर आधी मागवून ठेवा, तुटायच्या आधी). म्हणून बघायला जाल तेव्हा इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात, तुम्ही सीट काढा. तो तीन पिनांचा कपलर उघडून बघा. तपकिरी असेल तर भाव पाडा, पण गाडी सोडू नका. दोन्ही चाव्या मागा. फेअरिंगच्या आतल्या बाजूने ते अडकवायच्या खुंट्या तुटल्यात का हात फिरवून बघा. आणि गरम गाडीवर मीटर लावू देत नसेल तर मालकाला नमस्कार करून निघा.

आता कागद. परदेशी लहान गाड्या इथे बहुतेक सुट्या भागांच्या किटमधून आल्या, त्याचं कारण ड्यूटी. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १६०० सीसीपर्यंतच्या पूर्ण बांधलेल्या गाडीवरची ड्यूटी ५० वरून ४० टक्के झाली आणि सुट्या भागांच्या किटवरची १५ वरून १० टक्के. तेव्हा २५० सीसीची आख्खी गाडी आणणं कुणाला परवडणार? ‘भाऊ तिकडे असतो, त्याच्याकडून जुनी गाडी मागवू’ हाही विचार सोडा. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, आणि येऊ शकते फक्त मुंबई बंदरातून.

आणि हे खास आपल्या किनाऱ्याचं. हरमल-मांद्रे भागात कधीकधी परदेशी पाहुणा स्वतःच्या देशातून चालवत आणलेली गाडी ‘स्वस्तात देतो’ म्हणतो. ती गाडी ‘कार्ने’ नावाच्या कागदावर ड्यूटी न भरता तात्पुरती आलेली असते आणि परत देशाबाहेर न्यावीच लागते. इथे ती कुणाच्या नावावर होत नाही. स्वस्त नाही, फुकट दिली तरी घेऊ नका.

आरसीवर गाडी ‘इम्पोर्टेड’ म्हणून नोंदली आहे का तेही वाचा. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर साध्या मोटारसायकलला केंद्राची फी १००० रुपये, इम्पोर्टेड म्हणून नोंदलेल्या दुचाकीला १०,०००. इथे जुळलेली गाडी बहुधा साध्या खात्यात असते, पण माझ्या ओळखीत एकाला ही गोष्ट काउंटरवर कळली, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

परराज्यातली गाडी असेल, माझी एमएच-०९ होती, तर आधी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असेल तर गोव्याचा नंबर घ्यावाच लागतो, त्याचा फॉर्म २७, आणि इथला रोड टॅक्स पुन्हा. तो भाव करतानाच किमतीत धरा. चेसिस नंबरवर पेन्सिल घासून ठसा घ्यावा लागतो. आमच्या हवेत तो नंबर गंजाखाली गेलेला असतो, तेव्हा आदल्या दिवशी तिथे बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून ऑइलचा हात मारून ठेवा. जोरात घासलंत आणि नंबर पुसट झाला तर इन्स्पेक्टरला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आमच्या घरी आईचं कॅलेंडर भिंतीवर असतं, दुधाचा आणि गॅस सिलिंडरचा हिशेब त्यातच. गेली दोन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारच्या चौकोनात माझेही दोन आकडे असतात, थंड आणि गरम. या वर्षी जूनमध्ये १४.३ आणि १४.२. जुलैमध्ये तेच. ऑगस्टमध्ये १४.३ आणि १४.०, म्हणून सीट काढली. पिवळ्या तारा स्वच्छ होत्या, चेसिसच्या अर्थिंगच्या बोल्टखाली पांढरी बुकटी साचली होती. पॉलिश पेपर मारला, १४.२. आईने विचारलं, ‘‘हे चौदा लिटर दूध कुणी घेतलं रे?’’

जुना रेक्टिफायर अजून गाडीवरच आहे, चांगला आहे. पाच आठवडे वाट बघून आणलेला नवा आता कपाटात. कुणाला खरोखरच लागत असेल तर आधी डायोडचे आकडे पाठवा, मग देतो.